रानातली मुसळी, शेतातली मुसळी

आमच्या मार्गदर्शक सरांचं सातपुड्यावर फार प्रेम. ते त्यांनी आयुष्यभर नंदुरबारच्या प्रयोगशाळेत, पंख्याखाली बसून केलं. माझ्या पीएचडीचा विषयही त्यांचाच: सफेद मुसळीच्या अर्कात कोणकोणती द्रव्यं असतात, आणि रानातली मुसळी शेतातलीपेक्षा वेगळी निघते का. शेतातली आमच्या प्रकाशा गावी, आमच्याच वावरात होती. रानातलीसाठी मी सातपुड्यात काठी गावाच्याही पुढे, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, देवाची पूजा झाल्याशिवाय मुळी उपटत नाहीत. पंधरा दिवसांनी ये, तुझ्यासाठी राखून ठेवतो.

सरांनी कपाळाला हात लावला. विद्यापीठाची मुदत देवाला कुणी कळवली कशी नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. मग त्यांच्याच हुकमावरून मी खांडबाऱ्याच्या बाजारातून 'अस्सल जंगली' मुसळी आणली. दोन्हींचे अर्क काढून यंत्रात घातले. आलेखांवरची शिखरं जुळ्या भावांसारखी निघाली. लागवडीची मुसळी रानातल्या मुसळीच्या तोडीस तोड ठरली, म्हणून सरांनी पेढे वाटले.

घरी मोठ्या तोऱ्यात वडिलांना आलेख दाखवले. त्यांनी बाजार कुठला, व्यापारी दिसायला कसा, एवढंच विचारलं आणि शांतपणे म्हणाले, "ती बी आपलीच शे. तो आपला वावरमाईन लई जास, नि जंगली म्हनीसन इकस."

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, की व्यापारी आमच्याच वावरातली मुसळी नेऊन जंगली म्हणून विकतो. मग त्यांनी विचारलं, वडिलांनी तसं लेखी दिलंय का? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मग शास्त्राच्या दृष्टीने ही ऐकीव माहिती, असा त्यांनी निर्वाळा दिला.

त्याच आठवड्यात बाबांचा निरोप आला: पूजा झाली, ये. जायचं म्हणजे पुन्हा अर्क, पुन्हा यंत्र, आणि पदवी वर्षभर लांबणीवर. मी गेलो नाही. 'नमुने मी स्वतः गोळा केले' या ओळीखाली सही केली, आणि तेवढं मात्र खरं होतं.

चार दिवसांनी बाबाच एसटी बदलत बदलत नंदुरबारला आले. हातात सागाच्या पानांत बांधलेली मुळी. आपल्या देवापायी माझं काम अडलं, या काळजीने ते प्रयोगशाळेच्या दारातच थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उशीर झाला का, पोरा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही बाबा, वेळेवर आलात. प्रबंध आदल्याच दिवशी बांधणीला गेला होता.