अर्धा घसारा

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची हकीकत नीट कळायची नाही. मस्कतच्या रुवी भागातल्या ऑफिसात मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं की आजूबाजूचे लोक चहाला उठायचे. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा मस्कतचं ऊन परवडलं, ते निदान संध्याकाळी उतरतं." पण हिशेबात माझा हात धरणारा कोणी नाही अशी माझी पक्की समजूत होती, आणि कामाला चोख असलेल्या माणसाचा ताप लोक सोसून घेतात.

वसईहून मी ओमानला आलो तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. कंपनी क्रेन, जनरेटर आणि कॉम्प्रेसर भाड्याने द्यायची. माझ्याकडे कंपनीचा इन्कम टॅक्स होता. सुट्टीत गावी गेलो की कोणीतरी विचारायचंच, "गल्फमध्ये कुठे टॅक्स असतो? मग तू तिथे काय माश्या मारतोस?" आता काय सांगणार? पगारावर टॅक्स नव्हता हे खरं, पण कंपन्यांच्या नफ्यावर होता. आणि तो काढणं म्हणजे नफ्याला एका आकड्याने गुणून मोकळं होणं नव्हे.

वर्षाअखेरीला आपल्या वह्यांत जो नफा दिसतो तो आपला. सरकार म्हणतं, थांबा, आमच्या नजरेने बघू. ग्राहकांना वाटलेल्या भेटी? तो खर्च आम्हाला मंजूर नाही, नफ्यात परत मिळवा. एखादं बिल बुडेल या भीतीने बाजूला ठेवलेली रक्कम? बुडालं की मग बघू, तोवर मिळवा. आणि यंत्रं झिजतात त्याचा खर्च, म्हणजे घसारा, तुम्ही तुमच्या मनाने लावलाय, तो काढा आणि आमच्या दराने लावा. एवढी बेरीज-वजाबाकी झाली की जो नफा उरतो, त्यावर टॅक्स. मला या कागदाचं फार वेड होतं. दर वर्षी तो एका पानावर बसवायचा हा माझा हट्ट असायचा.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. एका शनिवारी सकाळी मालकांनी बोलावलं. आम्ही सगळे त्यांना अर्बाब म्हणायचो. त्यांनी काहवा, म्हणजे तिथली कॉफी, पुढे केला, खजुराची बशी सरकवली, आणि शांतपणे सांगितलं की सरकारी नियमाप्रमाणे माझी जागा आता ओमानी माणसाला द्यायची आहे. एक मुलगी येतेय, निझवा शहरातली, कॉलेजातून हिशेबच शिकलेली. "तू तिला तयार कर. ती तयार झाली की कळव. वर्षभरात होईल, इन्शाल्ला." मग माझं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. व्हिसा कंपनीचा, म्हणजे नोकरी खलास तर घरही खलास.

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती, इंडियन स्कूलमध्ये. वर्षभराने मला निघावं लागलं असतं तर तिची अकरावी अर्ध्यात सुटली असती. बोर्ड बदलणार, शहर बदलणार, भाषासुद्धा. तिचं मराठी तोडकं-मोडकं होतं, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत. घरी सांगितलं तेव्हा ती जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "पप्पा, बारावीपर्यंत राहू ना आपण. नंतर मी कुठे पण येईन." तिने हट्ट केला असता तर मी ओरडलो असतो. तिने विनंती केली, आणि वादी अदाईतल्या आमच्या दोन खोल्यांत मला कुठे बघावं ते कळेना.

ती निझव्याची मुलगी आली. काळा अबाया, हातात जाड वही, वय तेवीस-चोवीस. हिंदी सिनेमे बघून शिकलेलं हिंदी आणि कॉलेजचं इंग्रजी यांची मिसळ करून बोलायची. मला पहिल्या दिवसापासून 'उस्ताद' म्हणायला लागली. मी तिला मुद्दाम रुक्षपणे वागवलं, खोटं कशाला बोलू? जिला शिकवायचं तीच आपल्या ताटावर बसणार, मग माया कुठून यायची? पहिले दोन महिने मी तिला नुसती जुनी बिलं फाइलला लावायला दिली.

तिने ती लावली. नुसती लावली नाहीत, वाचली. मग एक दिवस विचारते, "उस्ताद, हे टॅक्सचं पान मी स्वतः करून बघू? मागच्या वर्षीचं. चुकलं तर फाडून टाका." मला वाटलं, चुकेल, म्हणजे माझंच बरं होईल. दिलं.

चौथ्या दिवशी ती पान घेऊन आली. सगळे आकडे माझ्याशी जुळत होते, फक्त घसाऱ्याचा नाही. तिचा माझ्यापेक्षा बराच मोठा.

"चुकलीस," मी म्हटलं.

"उस्ताद, नव्या क्रेनवर तुम्ही अर्धाच घसारा का घेतला?"

"कारण ती नोव्हेंबरात आली. वर्षात एकशे ऐंशी दिवससुद्धा वापरली नाही. मग त्या वर्षी अर्धाच दर. हे पहिलीच्या पोरालाही माहीत असतं."

"कुठे लिहिलंय?"

झालं. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. लोक चहाला उठले. ती मात्र बसून राहिली, तिला त्या घड्याळाचा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता. मी तिला काय काय बोललो ते आता लिहवत नाही. "मी हे करत होतो तेव्हा तू शाळेत होतीस" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. ती ऐकत राहिली, आणि शेवटी कायद्याचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून आपल्या जागेवर गेली. पुस्तकात एक चिठ्ठी खुणेला घातली होती.

ते पुस्तक मी घरी नेलं, तिची चूक पुराव्यासकट दाखवायला. शुक्रवारी चर्चला गेलो. आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारचा मिस्साही शुक्रवारीच. परत आल्यावर जेवायच्या आधी पुस्तक उघडलं. चिठ्ठीच्या पानावर घसाऱ्याचं कलम होतं. वाचलं, पुन्हा वाचलं. मागची पानं चाळली, पुढची चाळली. एकशे ऐंशी दिवसांचा कुठे मागमूस नव्हता.

कुठून असणार? तो नियम इथला नव्हताच. तो आपल्या भारतातला. मुंबईत मी सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप केली तेव्हा आमच्या साहेबांनी तो इतका घोटून घेतला होता की तो माझ्या हाताला लागला होता, एखाद्याला पानात आधी मीठ वाढायची सवय असते तसा. ओमानात आल्यावर मी इथले दर शिकलो, फॉर्म शिकलो, पण हे कलम नीट वाचलंच नाही, कारण मला ते पाठ आहे असं मी धरून चाललो होतो. ऑडिटरचा माणूसही आपल्याकडचाच, त्याच पुस्तकांवर वाढलेला. त्यालाही कधी खटकलं नाही. त्यात आमची कंपनी नवी यंत्रं नेहमी उन्हाळा सरल्यावरच घ्यायची, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, साइटची कामं जोरात सुरू व्हायची तेव्हा. आणि हिशेबाचं वर्ष संपायचं डिसेंबरात. म्हणजे दर वर्षी, प्रत्येक यंत्रावर, मी इमाने इतबारे अर्धा घसारा सोडून देत होतो आणि तेवढ्या फुगलेल्या नफ्यावर मालकांना टॅक्स भरायला लावत होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला निघालो होतो, आणि हे एवढं मुसळ निघालं.

बायकोने ताट वाढलं. मी म्हटलं, "मी चुकलो." लग्नाला सतरा वर्षं झाली होती. ती भाताची वाटी हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "कोण, तुम्ही? थांबा, खिडकी उघडते, शेजाऱ्यांनाही ऐकू दे." मग माझा चेहरा बघून बसली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अर्बाबला सांगितलंत तर ते उद्याच पाठवतील आपल्याला." मुलगी आतून ऐकत होती.

गप्प बसता आलं असतं. ती ट्रेनी, मी उस्ताद. माझा शब्द चालला असता. शिवाय पैसे बुडाले होते असंही नाही. पहिल्या वर्षी सोडलेला घसारा पुढच्या वर्षांत हळूहळू मिळतोच, म्हणजे टॅक्स जास्त भरला नव्हता, लवकर भरला होता. या लवकर-उशिराच्या फरकाचाच हिशेब ठेवायचा नवा प्रकार तेव्हा आला होता, डिफर्ड टॅक्स. आज भरला पण उद्या सवलत होऊन परत येणार असेल तर तो नुसता खर्च नव्हे, तुमचं येणं आहे, म्हणून ताळेबंदात दाखवा. आज वाचवला पण उद्या भरावाच लागणार असेल तर ते देणं, तेही दाखवा. मी स्वतःची अशीच समजूत काढत होतो. पण मधल्या एका तंगीच्या वर्षी अर्बाबनी पगार द्यायला बँकेकडून कर्ज काढलं होतं, आणि त्याच वर्षी मी त्यांना नको तेवढा टॅक्स भरायला लावला होता. माझ्या पगाराचाही पैसा त्या कर्जातलाच होता. हे मला गिळवेना.

शनिवारी मी आधी तिच्या टेबलाशी गेलो. "तू बरोबर आहेस. मी चुकलो आणि वर तुला बोललो. माफ कर." सगळं ऑफिस चहा सोडून बघत होतं. ती उठून उभी राहिली आणि तिने खुर्ची पुढे केली, मला बसायला. मी बसलो नाही, सरळ अर्बाबकडे गेलो.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वर्षं?" मी सांगितलं. "परत मिळतील?" मी म्हटलं, ज्या वर्षांची तपासणी अजून बंद झालेली नाही त्यांची विवरणपत्रं सुधारून देता येतील, बाकीचं पुढे वळतं होत राहील. "चूक कोणी पकडली?" "तिने." "आणि मला सांगायला तू आलास." एवढंच म्हणाले. मला वाटलं, संपलं.

पुढचे काही महिने आम्ही दोघांनी मिळून जुनी वर्षं उकरली. माझा हात आता आखडता राहिला नाही. मला येत होतं ते सगळं मी तिला दिलं, डिफर्ड टॅक्ससकट. खरं सांगायचं तर डिफर्ड टॅक्स ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. प्रत्येक यंत्राची आपल्या वहीतली किंमत एकीकडे, टॅक्सच्या वहीतली दुसरीकडे, फरकावर दर. मी दोन पानांत करायचो ते तिने एका पानात बसवलं. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला आणि अभिमानही, आणि दोन्ही लपवता आले नाहीत.

मे महिन्यात घरातला एसी बिघडला म्हणून माझी मुलगी चार-पाच दिवस माझ्याबरोबर ऑफिसात येऊन बसायची. दोघींची इंग्रजीत कुजबुज चालायची. काय बोलता म्हणून विचारलं तर माझी मुलगी म्हणायची, "काही नाही पप्पा, ती माझ्या एक्झाम्सचं विचारते." माझ्या अडचणीबद्दल मी त्या निझव्याच्या मुलीला एका अक्षराने बोललो नव्हतो. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो?

टॅक्स ऑफिसने आमची सुधारित विवरणपत्रं मान्य केली. वर्ष संपत आलं. ती तयार झाली की कळवायचं होतं. मी एक ओळ टाइप केली, ती तयार आहे अशी, सही केली आणि अर्बाबच्या टेबलावर ठेवली. बायकोने गावी फोन करून कॉलेजांची चौकशी सुरू केली होती. मुलगी घरात आवाज न करता वावरायची, आणि ते मला तिच्या रडण्यापेक्षा जड जायचं.

दोन दिवसांनी अर्बाबनी बोलावलं. पुन्हा काहवा, पुन्हा खजूर. समोर माझ्या व्हिसाचा कागद होता, दोन वर्षांनी वाढवलेला. मला काही समजेना. त्यांनी माझी चिठ्ठी दाखवली. "तू लिहितोस ती तयार आहे. तिलाही मी लिहून मागितलं." आणि त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला.

चार ओळी होत्या, इंग्रजीत. बाकीचं काम येतं, पण डिफर्ड टॅक्स मला अजून जमत नाही. उस्तादांकडून शिकायला दोन वर्षं लागतील. तोवर मला ट्रेनीच ठेवावं. खाली तिची सही.

"तू चुकलास की ती?" अर्बाबनी विचारलं. ते हसत नव्हते, पण फार गंभीरही नव्हते. ते म्हणाले, "व्हिसाचा कागद घेऊन जा. यल्ला, कामाला लाग."

मी तिच्या टेबलाशी गेलो. ज्या मुलीने माझा एक चुकीचा आकडा खपवून घेतला नव्हता, तिने आपल्या सहीने हे लिहून दिलं होतं. दोन वर्षं ट्रेनीच्या पगारावर. माझ्या मुलीची बारावीची परीक्षा कधी, हे तिला ठाऊक होतं. मी व्हिसाचा कागद तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिने वर बघितलं, वही उघडली, कोरं पान काढलं, आणि खुर्ची पुढे सरकवली. "बैठो उस्ताद," ती म्हणाली. "डिफर्ड टॅक्स. शुरू से."

या वेळी मी बसलो. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, आणि तिला जे सगळं येत होतं ते पहिल्या ओळीपासून शिकवायला घेतलं.