आत्याचं बघणं

श्रीनगरहून बर्फातला सूर्यास्त दाखवायला नेणाऱ्या सहलीत माझ्याबरोबर आत्या होती. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. चढापाशी गाइड मला हळूच म्हणाला, "इन्हें गाडी में बिठा दीजिए. ऊपर तो सिर्फ देखने का है."

"मेरे को पूछो ना," आत्या ताडकन म्हणाली आणि माझा दंड धरून बर्फातून वर चढली.

वर सगळे फोन उंचावून उभे होते. आत्या कानटोपी मागे सारून, मावळतीकडे तोंड करून स्तब्ध उभी होती. गालांवरची ऊब सरली तशी म्हणाली, "गेला गं." खरंच गेला होता. बघणं म्हणजे फक्त डोळ्यांचं काम, हे ठरवलं कोणी?

गाइडने परतायची हाक दिली. आत्या जागची हलली नाही.

"थांबायला सांग त्याला. माझं बघून व्हायचंय अजून."