गाळून घेतलेले पाणी

आज गल्लीत टँकर आला. त्याच्या रबरी पाइपातून तापलेल्या सिमेंटवर पाणी सांडले, तो कोंदट ओला वास खिडकीतून आत आला आणि बाळांनो, मला तुमच्या आजोबांचे बेडूक आठवले.

चिकलठाण्याला आमच्या घरामागे एक जुनी विहीर होती. वस्ती वाढत गेली, इमारतीसाठी विहीर बुजवायचे ठरले, तेव्हा तळाच्या चिखलात तग धरून राहिलेले बेडूक आजोबांनी बादलीतून घरी आणून टबात ठेवले. वर्षे दुष्काळाची होती. "नीट पाऊस झाला की सोडू," म्हणाले. गणिताच्या मास्तरांना या ओबडधोबड जीवांचा इतका लळा का लागावा, हे कोडे मला कधी सुटले नाही.

हळूहळू बेडूक वाळू लागले, तोंड उघडून धापा टाकू लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी विष्ठा तपासली आणि फुप्फुसात जंत असल्याचे सांगितले. पाठीवर सोडायचे थेंब दिले, टबातले पाणी रोज बदलायला बजावले. औषधाने बेडूक तरतरीत होत आणि पुन्हा मलूल पडत. एकेक करून जाऊ लागले.

"सर, जुनं पाणी फेकता ना?" डॉक्टरांनी विचारले.

"फेकायचं कसं? तुरटी फिरवतो, दुपदरी फडक्यातून गाळून परत घालतो."

"अहो, विष्ठेतल्या अळ्या फडक्यातून आरामात जातात! अन् कातडीतून परत आत शिरतात."

आजोबांचा चेहरा उतरला. गाळलेले पाणी म्हणजे शुद्ध, हे तेव्हा आमच्याकडे कुणाला शिकवावे लागत नसे. तांदळाचे धुवणसुद्धा कुंडीत जाई. ज्या सवयीने आम्ही माणसे तगलो, तीच त्या मुक्या जीवांना भोवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टब रस्त्यावर ओतला, तशा शेजारच्या काकू घागर टेकवून कडाडल्या, "सर, लेकरायला प्यायला नाय, अन् तुम्ही बेडकायला आंघोळ घालायलात व्हय?"

 त्या दिवसापासून आजोबा ओल्या पंच्याने अंग पुसू लागले आणि आपल्या आंघोळीची बादली बेडकांना देऊ लागले.

दोनच वाचले. जंत गेल्याची खात्री झाल्यावर, पुढच्या चांगल्या पावसाळ्यात, ते पाचोडच्या एका मित्राच्या विहिरीत सोडले. मग तो मित्र भेटला की आजोबांचा पहिला प्रश्न, "ओरडतात का रे?"

"लई ओरडतात! झोपू देत नाहीत."

त्या विहिरीत आधीपासूनच किती बेडूक असतील! ओरडणारे आपलेच कशावरून, हे आजोबांनी कधी विचारले नाही. मीही नाही. आणि जे गेले, त्यांच्याविषयी तर आम्ही दोघे एकमेकांशी कधी बोललोच नाही.