सहदेवच्या नावाचा शब्द

घाटकोपर स्टेशनाबाहेर सहदेव बाइंडरचं दुकान होतं. वीस वर्षं खळीत हात बुडवलेला माणूस. त्याची शिवण अशी, की पान फाटेल पण टाका सुटणार नाही. इंग्रजीचा मात्र त्याला गंध नव्हता.

विज्ञानकथांनी खुळावलेलं एक टोळकं त्याच्याकडे इंग्रजी मासिकं बांधायला आणी. म्होरक्या नंदकुमार, कचेरीतला कारकून. त्रेपन्न साली त्याने बारा अंक टाकले आणि बजावलं, "जाहिराती फाडून टाक रे, उगाच भरताड नको." सहदेवने इमानाने फाडल्या. एका जाहिरातीच्या पाठीवर गोष्टीचा शेवट होता, तो रद्दीत गेला.

तेव्हापासून टोळकं बिनशेवटाच्या गोष्टीला 'सहदेव' म्हणू लागलं. करून गेला गाव आणि कांदेकराचं नाव. सहदेव हसण्यावारी नेई. पण एकदा मालाडचा कुणी अनोळखी गृहस्थ दुकानात उभा राहून म्हणाला, "गोष्ट कसली यार, निव्वळ सहदेव," तेव्हा त्याला किळस आली. आपलं नाव कुणाच्या तोंडची थुंकी झालं होतं.

सत्तावन्न साली नंदकुमार सायक्लोस्टाइल केलेल्या पानांचे गठ्ठे घेऊन आला. पन्नास प्रती बांधायच्या होत्या. विज्ञानकथावाल्यांच्या खास शब्दांचा कोश, कुठला शब्द कुठून आला त्यासकट, आणि तोही मराठीत. 'भोंगा' म्हणजे शेवट आधीच ओरडून सांगणारा, गिरणीच्या भोंग्यावरून. सहदेवला हसू आलं. मग शेवटच्या पानावर दिसलं: 'सहदेव. घाटकोपरच्या एका दारुड्या बाइंडरवरून. नशेत त्याने कथेचा शेवट फाडला.'

सहदेवने जन्मात थेंब चाखला नव्हता.

"फाडूक तुमीच सांगलास ना, साहेब? मग माका दारुडो कशाक लिवलास?"

"अरे, नुसतं फाडलं म्हटलं तर मजा काय? लोकांना गंमत लागते ना. मनावर घेऊ नकोस." नंदकुमार घड्याळ बघत निघून गेला.

शिकलेल्या माणसाला दुसऱ्याची अब्रू चघळताना लाज कशी वाटत नाही, देव जाणे. सहदेवने ते पान उचलून सुरीखाली धरलं. मग हात थांबला. पान गाळलं, तर नंदकुमार गावभर दाखवत फिरेल, की सहदेवने पुन्हा शेवट फाडला.

त्याने सुरी बाजूला ठेवली आणि सुई ओवली. पन्नासही प्रतींत ते पान त्याने दुहेरी टाक्याने शिवलं. पुठ्ठे झिजतील, पण ते पान सुटायचं नाही.