उत्तर दाखवणाऱ्या बाई

भूगोल शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली होती. त्या वर्षी दिशांचा धडा चालू असताना सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, होकायंत्र घेऊन तुम्ही कुठं कुठं गेलात?"

"पुष्कळ ठिकाणी," मी म्हणाले.

खरं तर ते होकायंत्र माझ्याबरोबर शाळेच्या कपाटापासून वर्गापर्यंत आणि वर्गापासून परत कपाटापर्यंत, एवढंच फिरलं होतं. मुलीनं लगेच विश्वास ठेवला आणि ती खाली बसली. तिनं दोन उलटे प्रश्न विचारले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं आठवडाभर वाटत राहिलं.

भाऊबीजेला मी कन्नडला भावाकडं जाते. त्या दिवाळीत जाताना एसटीनं गेले आणि येताना चालत यायचं ठरवलं. कन्नड ते शहरातलं उस्मानपुऱ्याचं आमचं घर, तीन दिवस, एकटीनं, हमरस्ता सोडून, पाठीवर पिशवी घेऊन. मुख्याध्यापिकांना विचारून होकायंत्र घेतलं. नकाशाही शाळेचाच, कापडावर चिकटवलेला, माझ्या जन्माच्या आधी छापलेला.

माझा नवरा मोबाईलच्या टॉवरांची देखभाल करतो. जगात हरवण्याचा प्रश्न सुटलेला आहे, असं त्याचं प्रामाणिक मत आहे.

"कागदाचा नकाशा? आणि भिजला म्हणजे?"

"भिजायला पाऊस कुठंय?" मी म्हणाले. लागोपाठ दुसरं साल कोरडं गेलं होतं.

निघायच्या दिवशी त्यानं फोन एका कापडी थैलीत घालून माझ्या गळ्यात अडकवला. मी जिथं असेन तिथं त्याच्या फोनवर एक निळा ठिपका दिसणार होता. "वाट चुकलीस तर फोन बघ," तो म्हणाला, "आणि नाही चुकलीस तरी बघ." मी फोनकडं बघायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. थैली मात्र गळ्यात राहू दिली. होकायंत्रही दोरीनं गळ्यातच होतं. दोन्ही छातीवर शेजारीशेजारी लटकत होती.

वहिनीनं चार दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, भावानं "वेड लागलंय" म्हणून दाराशी हात जोडले, आणि मी सकाळी सातला आग्नेय दिशा धरली.

बूट घालून, टोपी घालून, पाठीवर पिशवी घेऊन चाळिशीतली बाई एकटी रानातून चालली आहे, याचा आमच्या भागात एकच अर्थ होतो. पहिल्याच शिवारात तुरीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, "भांडून निघाल्या व्हय, ताई? माहेर कुठलं?"

"माहेर कन्नड. तिथूनच येतेय."

तो विचारात पडला. "म्हंजी भावानंच हाकललं?"

"नाही हो. घरी चाललेय."

"मंग यष्टी हाय की."

"माहितेय. चालत जायचंय."

त्यानं माझ्याकडं फार वाईट वाटल्यासारखं बघितलं आणि हातातली पाण्याची बाटली पुढं केली. दुपारपर्यंत हे संभाषण मी पाच वेळा केलं. पाचव्या वेळी कंटाळून "हो, भांडण झालंय" असं सांगून टाकलं, तेव्हा ती माणसं निवांत झाली आणि त्यांनी माझी वाट सोडली.

होकायंत्रानं चालणं मला जमत होतं. सुई स्थिर होऊ द्यायची, दूरचं एखादं झाड धरायचं, तिथं पोचायचं, पुन्हा सुई बघायची. नकाशाप्रमाणं दुपारी दोनला मला एक ओढा लागायला हवा होता. ओढा लागला नाही. तीनलाही नाही. उलट समोर एक मोठा खोलगट माळ आला, भेगा पडलेल्या काळ्या मातीचा. मधोमध कुणीतरी काकड्या आणि दुधी लावले होते आणि पलीकडं मेंढरं चरत होती. मी माळाच्या मध्यावर जाऊन नकाशा उघडला. तिथं असं काहीच नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"तू तळ्यात काय करतेस?" नवऱ्याचा आवाज चढला होता.

"कुठल्या तळ्यात?"

"मला विचारतेस? ठिपका बरोबर मधोमध आहे! पाणी कुठवर आलंय?"

मी खाली बघितलं. पायाशी काकडीचा वेल होता. "पाणी नाहीये. मी उभी आहे."

"उभी आहेस म्हणजे? खोली किती आहे?"

मी थैलीतून फोन काढून पहिल्यांदा बघितलं. पडद्यावर सगळीकडं निळंशार होतं आणि त्या निळ्यात मी. शाळेचा नकाशा छापला तेव्हा हा तलाव झालाच नव्हता. फोनवाल्यांनी बघितला तेव्हा तो भरलेला असावा. म्हणजे कागदावर तळं नव्हतं, फोनवर होतं, आणि जमिनीवर पुन्हा नव्हतं. हे मी नवऱ्याला मोठ्यानं समजावून सांगत होते. "अहो, मी तळ्यातच आहे, पण बुडत नाहीये," असं काहीतरी. मेंढरं राखणारी म्हातारी ते ऐकत माझ्या मागं येऊन उभी राहिली होती.

तिनं माझा दंड धरला. चांगला घट्ट.

"बाई," ती म्हणाली, "नवरा म्हंजी काय देव नसतो. आन् जीवच द्यायचा तर पाणी तरी बघून यायचं व्हतं. चल वर."

मी शपथेवर सांगितलं की तसं काही नाही. ती "व्हय व्हय" म्हणत राहिली आणि दंड काही सोडेना. तिनं कमरेला खोचलेला स्वतःचा फोन काढला आणि एका हातानं मेंढरांना दगड मारत दुसऱ्या हातानं गावात कळवलं. पाऊण तासानं मी काठावरच्या गावात मारुतीच्या पारावर बसले होते. समोर दहा-बारा माणसं होती.

आपण कुठं चुकलो हे बघावं म्हणून मी तळहातावर होकायंत्र ठेवलं आणि उभी राहून हळूहळू फिरले. पारावरची माणसं पुढं सरकली.

"हे काय हाय, म्याडम?" पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांनी विचारलं.

"होकायंत्र."

"ह्यानं काय सापडतं?"

"काही नाही हो. फक्त उत्तर सापडतं."

आजोबा मागं वळले. "ऐकलं का? उत्तर सापडतं म्हन्त्यात!"

"तसं नाही. उत्तर म्हणजे दिशा. उत्तरेकडं सुई राहते."

"मंग पाणी उत्तरेला हाय?"

त्या गावाला चार दिवसांनी एक टँकर येत होता. पाणाड्या म्हणून आलेले दोघं, एक नारळवाला आणि एक कडुनिंबाच्या काडीवाला, पाण्याची जागा दाखवून गेले होते. दोन्ही जागी बोअर घेतल्यावर नुसता धुरळा निघाला होता. आता यंत्रवाली बाई आली होती, आणि तीसुद्धा थेट तलावाच्या मधोमध उभी सापडली होती. मी पाणी बघत नाही, शाळेत शिकवते, असं सांगितलं.

"काय शिकवता?"

"भूगोल."

"म्हंजी जमिनीचंच की," आजोबा म्हणाले. आणि ते उठलेच.

त्यांनी मला गावाभोवती फिरवलं. माझ्या मागं सगळी माणसं, त्यांच्या मागं म्हातारीची मेंढरं. मी नुसती चालत होते, हातात होकायंत्र होतं, कारण ते ठेवून दिलं तर लोकांना राग येईल असं वाटत होतं. शाळेमागच्या एका बाभळीजवळ पोचलो आणि गळ्यात फोन वाजला. मी तो थैलीतून काढून कानाकडं नेला.

"हलली!" आजोबा ओरडले. "सुई हलली!"

मी बघितलं. सुई खरोखर एका बाजूला झुकली होती. नवरा फोनवर "आता कुठं आहेस?" विचारत होता. मी फोन लांब नेला, सुई परत गेली. जवळ आणला, झुकली. फोनच्या कर्ण्यात लोहचुंबक असतं, हे मी एकोणीस वर्षं नसलं तरी निदान आठ वर्षं वर्गात सांगत आले होते. सकाळी सातपासून फोन आणि होकायंत्र माझ्या छातीवर चिकटून होते. दिवसभर सुई उत्तरेकडं बघतच नव्हती, ती नवऱ्याच्या फोनकडं बघत होती, आणि मी तिच्या भरवशावर डोंगर ओलांडत होते.

मला इतकं हसू आलं की मी बाभळीखालीच बसले. फोनमधून नवरा "काय झालं? रडतेस का?" म्हणत होता. म्हातारीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि माणसांनी जिथं मी बसले तिथं पाच दगड आणून गोल मांडला.

"नाही, नाही," मी उठून म्हणाले, "हे फोनमुळं झालंय! बघा, मी करून दाखवते."

मी चार वेळा करून दाखवलं. वर्गात करते तसं, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. आजोबांनी चारही वेळा मन लावून बघितलं आणि शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही कबूल करू नका, म्याडम. चांगला पाणाड्या कधी कबूल करत नाय."

रात्री अंगणवाडीच्या ताईंनी मला त्यांच्या घरी ठेवून घेतलं. पिठलं-भाकरी, आणि हंड्यातलं मोजकं पाणी त्यांनी मला पाय धुवायला दिलं. मला लाज वाटली. मी पाय न धुता झोपले.

सकाळी मी फोन बंद केला आणि पिशवीच्या तळाशी, कपड्यांखाली टाकला. त्याआधी नवऱ्याला लिहिलं, "फोन बंद ठेवतेय, काळजी नको." ताईंच्या घरात रेंज येत नव्हती. निरोप गेला असं मी धरून चालले.

दुसरा दिवस सरळ गेला. सुई उत्तरेलाच राहिली, ओढे जिथल्या तिथं सापडले, कोरडे का होईना. रात्री वेरूळला एका भक्तनिवासात मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी दुपारी शहर लागलं आणि पुन्हा घोळ झाला. शाळेच्या नकाशावर तिथं शेतं आणि तीन विहिरी होत्या. समोर पांढऱ्या दगडांनी आखलेले प्लॉट होते, मग अर्धवट इमारती, आणि मग माझ्या आग्नेय दिशेत आडवी आलेली एक लांबलचक कुंपणाची भिंत. फाटकावर रखवालदार बसला होता.

"किधर जाना है, म्याडम?"

"आग्नेयेला."

त्यानं वही उघडली. "आग्नेय फेज वन की टू?"

मी म्हणाले, टू. त्यानं नोंद केली आणि फाटक उघडलं. त्या वसाहतीतून मी अगदी रेषेत चालत गेले आणि पलीकडच्या फाटकानं बाहेर पडले. तिथं कुणी काही विचारलं नाही.

साडेचारला उस्मानपुऱ्यात घराशी पोचले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, ते तर तुम्हालाच आणायला गेले. सकाळीच. मोटरसायकलवर."

मी फोन चालू केला आणि त्याला लावला.

"मी दुपारपासून तुझ्याजवळच उभा आहे," तो म्हणाला. "पण तू दिसत नाहीस."

माझा निरोप गेलाच नव्हता, आणि माझा ठिपका दोन दिवस त्या गावातच थांबलेला होता. नवरा आधी तलावात उतरला, मग बाभळीपाशी गेला. यंत्रवाल्या बाईचा नवरा म्हणून लोकांनी त्याला ओळखलं आणि म्हातारीनं त्याला सगळ्यांसमोर चांगलं झापलं. बायकोला असं रानोमाळ पाठवतात का, असं तिनं विचारलं. त्यानं दोन तास समजावलं की पाण्याचा आणि माझा काही संबंध नाही. पुरावा म्हणून फोनवरचा नकाशा उघडून दाखवला.

"ह्यात तर सगळीकडं पाणीच पाणी दिसतंय," कुणीतरी म्हणालं.

"ते चुकीचं आहे," नवरा म्हणाला. हे वाक्य फोनबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. ते त्यानं मला स्वतः सांगितलं म्हणून कळलं.

आजोबांनी फोन हातात घेतला, निळ्याकडं बराच वेळ बघितलं आणि घाईनं परत दिला. "हे बंद करा, साहेब. आन् तालुक्याला कुणाला दाखवू नका. हितं तळं भरल्यालं हाय असं साहेबलोकाला कळलं तर टँकर बंद पडंल."

नवऱ्यानं तिथंच, त्या माणसांसमोर, फोन बंद करून खिशात टाकला. मग परतीची वाट त्याला सापडेना. त्याला विचारत विचारत यावं लागलं आणि प्रत्येक वस्तीवर थांबवून चहा पाजला गेला.

मी काकूंच्या ओट्यावर पिशवीला टेकून बसले होते. सातला मोटरसायकल आली. मिशीपर्यंत धूळ, मागच्या सीटवर दोरीनं बांधलेले दोन दुधी. तो उतरला, माझ्याकडं बघितलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नेमक्या त्याच वेळी गल्लीत कुणीतरी ओरडलं, "नळ आला!"

आठ दिवसांनी येत होता. त्यानं कुलूप उघडलं, मी बूट न काढता आत गेले, आणि आम्ही दोघं पिंप, बादल्या, घागरी, पातेली, जे हाताला लागेल ते भरायला लागलो.