रोज तेच वळण

लेकीकडे इटलीत राहायला गेले होते, तेव्हा तिचे म्हातारे घरमालक रोज सकाळी बर्फाच्या डोंगराकडे तोंड करून अंगणात बसलेले दिसायचे. डोळे मिटलेले, आणि उजवा तळहात हवेत डावी-उजवी वळणं घेत हळूहळू खाली सरकायचा. मला आधी वाटलं, काही जपजाप्य असेल.

"अगं आई, ते बर्फावरच्या शर्यतीत स्की करायचे," लेक म्हणाली. "शर्यत सुटण्याआधी सगळे असंच करतात. आख्खा उतार मनात एकदा उतरून बघतात."

त्यांचे गुडघे कधीच कामातून गेलेले. एक पायरी उतरायलाही बायकोचा हात लागायचा. तळहात मात्र सराईतपणे उतरायचा, आणि रोज एकाच वळणावर थबकायचा.

"शेवटच्या शर्यतीत तिथंच पडले होते," त्यांच्या बायकोनं लेकीकरवी मला सांगितलं.

मी म्हटलं, मग मनातल्या मनात तरी पुढे जावं. तिथं कोण अडवणार आहे?

बाई नुसत्या हसल्या.

आमचे हे गेले, त्या दुपारचा दवाखान्याचा जिना मी अजून रोज मनात चढते. एकदाही वेळेवर पोचलेले नाही.