साडभाऊंच्या डब्याला कूलर

बिघडलेली वस्तू दुरुस्त करणारे नागपुरात गल्लोगल्ली सापडतील. पण धडधाकट चालणारी वस्तू दुरुस्तीला घ्यायची छाती अख्ख्या विदर्भात एकाच माणसाला आहे, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. पुण्यामुंबईकडे अशा माणसाला नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात, म्हणजे तक्रारीची सोयच नाही, भाऊच झाला तो! साडभाऊ बुटीबोरीच्या एका कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांचा माल नापास करतात आणि संध्याकाळी मानेवाड्याला घरी येऊन स्वतःचा पास करून घेतात. त्यांनी दारावरची घंटा 'सुधारली', तेव्हापासून पाहुणे दार ठोठावतात. मिक्सरचा वेग 'वाढवला', तेव्हापासून ताई, म्हणजे त्यांची बायको, ठेचा पाट्यावर वाटते. हातात पेचकस घेऊन साडभाऊ उठले की माणसंच काय, छताचा पंखासुद्धा जरा जपून फिरतो. कोणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं: "तुम्हाले यातलं समजत नाही." हे वाक्य त्यांनी इलेक्ट्रिशियनला ऐकवलंय, डॉक्टरला ऐकवलंय आणि एका लग्नात तर मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींनाही ऐकवलंय.

त्यांच्या कर्तबगारीचा कळस म्हणजे डबा. हॉलच्या कोपऱ्यात घरघरत बसलेला, पोटात दोन हार्ड डिस्क असलेला एक काळा कॉम्प्युटर. ते त्याला होम सर्व्हर म्हणतात, बाकी सारं गोत डबा म्हणतं. खानदानातले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ एका जागी सुरक्षित राहावेत म्हणून तो मांडलेला. फोटो इंटरनेटवर ठेवलेले त्यांना खपत नाहीत. "ढगात ठेवता?" ते मला म्हणाले होते. "साडभाऊ, नागपूरच्या ढगाचा भरोसा नाही, अन् तुम्ही अमेरिकेच्या ढगावर बसून राहिले!" एका बारशात त्यांनी जेवणाच्या पंगतीतच सगळ्यांचे फोन गोळा केले, होतं नव्हतं ते डब्यात भरलं आणि "फोन हलका करून देतो" म्हणत फोनमधलं पुसून टाकलं. बाळाची आई रडकुंडीला आली तर म्हणाले, "रडता काहून? दोन डिस्का आहेत. एक मेली तर दुसरी आहे." ताईने विचारलं, "अन् डबाच मेला तर?" त्यावर तिला काय ऐकायला मिळालं ते सांगायला नको.

या डब्याची एक खोड होती. त्याच्या मागच्या बाजूला बोटभर पेन ड्राइव्ह कायमचा खोचलेला असायचा. डबा उठला की आधी तो वाचायचा, मग त्याला आपण कोण, आपल्या पोटात काय आहे हे आठवायचं. डिस्का शाबूत असोत नाही तर नसोत, तो पेन ड्राइव्ह नसला की डबा म्हणजे ठोकळा.

आणि दुसरी खोड म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात नागपुरात सावलीलाही चटका बसतो, तिथे डबा तापणारच. म्हणून साडभाऊंनी हॉलमधला कूलर सरळ डब्याच्या तोंडावर लावला. घरातली माणसं उरलेल्या हवेत. ताई घामाने निथळत पोळ्या लाटायची आणि डबा वाळ्याच्या ताटीतून येणारी ओली, सुगंधी हवा खात ऐटीत बसायचा. जावयाचेही एवढे लाड मी कुठल्या सासुरवाडीत पाहिले नाहीत, आणि मी स्वतः त्याच सासुरवाडीचा धाकटा जावई आहे.

आता आमच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी जातं. बाबा दर वर्षी उन्हाळा लागायच्या आधी दोन्ही लेकींच्या घरी येऊन कूलर स्वच्छ करायचे, नवा वाळा ठोकायचे, पाणी सोडून पाहायचे आणि मगच चहा घ्यायचे. जावयांनी हात लावलेला चालत नसे. गेल्या उन्हाळ्यात ते ताईकडे ताट्या बसवत होते, तेव्हा साडभाऊंनी त्यांचा व्हिडिओ काढला होता. दिवाळीनंतर बाबा गेले. यंदा वाळ्याची मोळी आणून ठेवली, पण ती ठोकायला कोणाचा हात होईना. माझी बायको म्हणाली, "तो व्हिडिओ पाहून आपणच लावू." वाळा हे निमित्त होतं. बाबांचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नव्हता, सगळ्यांचे फोन हलके झालेले होते, आणि तिला तो आवाज ऐकायचा होता.

नेमका तेव्हाच डबा गेला. उघडून पाहिलं तर आतल्या मुख्य बोर्डावर हिरवट गंज. गेला अख्खा उन्हाळा ओली हवा खाल्ल्यावर दुसरं काय होणार? साडभाऊंच्या मते मात्र "कंपनीचा मालच नापास." त्यांनी नवा बोर्ड आणून बसवला, गड जिंकल्यासारखं बटण दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली: सुरू व्हायला काहीच सापडत नाही. आठवडाभर तीच ओळ! साडभाऊंनी सेटिंग उलटी केली, सुलटी केली, डिस्का काढल्या, घातल्या, मेमरीची पट्टी खोडरबरने घासली. ओळ हलेना. माझी बायको रोज फोन करायची, "भाऊजी, निघाला का व्हिडिओ?" आणि रोज फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसायची. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं तिकडे गेलो तेव्हा साडभाऊ निर्वाणीवर आले होते. "डिस्का साफ करून नवीन सिस्टिम टाकतो," ते म्हणाले. नव्या सिस्टिमची सीडी घातलेली होती आणि पडद्यावर प्रश्न आला होता: सगळं पुसायचं का?

"भाऊजी, बाबा आहेत त्याच्यात," माझी बायको म्हणाली.

"निघते मग नंतर. तुम्हाले यातलं..." साडभाऊंचं बोट बटणावर गेलं. मी त्यांचा हात धरला. साडभाऊंचा हात धरायची माझी ही पहिलीच वेळ, आणि माझी हिंमत संपतच आली होती, तेवढ्यात ताई भाजी घेऊन बाहेरून आली. येतानाच तोंडाचा पट्टा सुरू.

"अहो, गाडीतले गाणे काहून नाही वाजून राहिले? तुम्ही नवीन गाणे भरून दिले तेव्हापासून तो पेन ड्राइव्ह लावला का नुसतं 'गाणं नाही, गाणं नाही' दाखवते!"

साडभाऊंनी बटणावरचं बोट काढून घेतलं. गाण्यांचा पेन ड्राइव्ह आणि डब्याचा पेन ड्राइव्ह साडभाऊंनी बर्डीच्या बाजारातून जोडीने घेतले होते, अगदी जुळे भाऊ. बोर्ड बदलताना दोन्ही एकाच वाटीत स्क्रूंबरोबर ठेवले होते. म्हणजे आठवडाभर डबा जुन्या हिंदी गाण्यांमध्ये स्वतःला शोधत होता आणि डब्याची अक्कल ताईच्या गाडीतून बाजार करत होती!

साडभाऊ अनवाणी खाली गाडीकडे धावले. वर आले, पेन ड्राइव्ह बदलला, बटण दाबलं. डबा घरघरला आणि उठला. "लूज कनेक्शन होतं," त्यांनी जाहीर केलं. माझ्या बायकोने व्हिडिओ शोधून लावला.

बाबा स्टुलावर उभे, तोंडात दोन खिळे, हातात हातोडी. खिळे काढून कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाले, "जावईबापू, शूटिंग राहू द्या. आधी तो डबा कूलरसमोरून हटवा. ओल लागते त्याले. मशीन आहे ते, कोथिंबीर नाही." आणि कॅमेऱ्यामागून साडभाऊंचा आवाज आला, ठणठणीत: "बाबा, तुम्हाले यातलं समजत नाही."

बाबा हसले. "बरं," म्हणाले आणि पुन्हा खिळा ठोकायला लागले.

ताई रडता रडता हसत होती. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला होता. मी वर्षानुवर्षं साठवलेला एक टोमणा ओठांवर आला होता, पण साडभाऊंकडे पाहिलं आणि तो गिळला. ते उठले. चालू डबाच दोन्ही हातांनी अलगद उचलून वायरी पुरतील तेवढा लांब, भिंतीच्या कोरड्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. मग कूलरचं तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं.

"हटवला, बाबा," ते पडद्याकडे पाहून म्हणाले.